बारा फुटांवरची रिंग

दिवस : वैशाखातला पहिला रविवार, ऊन चढायच्या आत.
ठिकाण : आमच्या गावच्या शाळेचं मैदान, तालुका शिरूर कासार.
हजर : सरपंच. मुकादम. वेल्डर, त्याचं मशीन आणि भाड्याचं जनरेटर. ऊसतोडीवरून नुकतीच परत आलेली बरीच माणसं. आई. मी, बारावीची परीक्षा देऊन घरी आलेली, हातात चहाची किटली.
गैरहजर : दादा. नाशिकला सामना होता.

कुठल्याही लिखाणाच्या डोक्यावर हजेरी घालायची मला सवय आहे. गावच्या महिला दूध संस्थेची मी सचिव आहे आणि सभांची इतिवृत्तं लिहून लिहून हात तसाच चालतो. पण या हजेरीत एकच नाव महत्त्वाचं आहे आणि ते गैरहजरांत आहे. जमलेले सगळे त्याच्यासाठीच आले होते.

दादा माझा थोरला भाऊ. वडील मी लहान असतानाच गेले. तेव्हापासून दादा आणि आई मिळून एक कोयता. ऊसतोडीत जोडीला कोयता म्हणतात. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं पाचट काढून मोळी बांधायची. बहुतेक कोयते नवरा-बायकोचे असतात, आमचा मायलेकाचा होता. दसरा झाला की दोघं मुकादमाच्या टोळीबरोबर पश्चिमेकडच्या एका कारखान्याच्या फडावर जायची, आणि मी पाटोद्याच्या वसतिगृहात.

दादा उंच होता. गावात त्याच्या उंचीचं दुसरं माणूस नव्हतं, आजही नाही. त्याच्या पायाच्या वहाणा पाटोद्याला सांगून करून घ्याव्या लागत. एसटीत तो मान तिरकी करून उभा राहायचा आणि उतरल्यावर थोडा वेळ तसाच तिरका चालायचा. उंचीचं लोकांना कौतुक होतं, पण ऊसतोडीत ती शिक्षा होती. ऊस जमिनीलगत तोडावा लागतो, कारण साखर बुडाशी असते आणि वर धसकट राहिलं तर शेतकरी बोलतो. बुटका माणूस थोडं वाकून तोडतो, दादाला घडी घालावी लागायची. संध्याकाळी खोपीसमोर आई त्याच्या पाठीवर उभी राहून पायानं दाबायची. त्याला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, ती तो सरळ सांगायचा.

"तायडे, वाकायचं काम नको. दुसरं कोनचंबी दे."

मोळ्या ट्रकमध्ये भरताना मात्र चित्र उलटं असायचं. बाकीचे मोळी डोक्यावर घेऊन तिरक्या लावलेल्या फळीवरून वर चढायचे. दादा फळी लावतच नसे. खाली उभा राहून तो मोळी दोन्ही हातांनी वर द्यायचा आणि ट्रकमधला माणूस ती नुसती ओढून घ्यायचा. हे कारखान्याच्या चेअरमनच्या मुलानं पाहिलं. हा मुलगा पुण्याला शिकून आलेला. तिथं बास्केटबॉल खेळलेला. इथं येऊन त्यानं कारखान्याच्या अतिथीगृहामागं सिमेंटचं मैदान करून घेतलं होतं. इतर कारखाने पैलवान पोसायचे, कबड्डीचे संघ ठेवायचे. ह्याला बास्केटबॉलचा संघ हवा होता आणि त्या संघाला एक उंच माणूस.

आई सांगायची ते असं. जीप थांबली, मुलगा उतरला आणि थेट दादापाशी आला.

"उंची किती रे तुझी?"

"मोजली न्हाई साहेब. कावून?"

"संध्याकाळी कारखान्यावर ये."

"वजनकाट्यावर काय राडा झाला का?"

"नाही रे बाबा. एक चेंडू पकडायचाय."

संध्याकाळी दादा गेला. मुलानं चेंडू फेकला, दादानं तो एका हातात धरला आणि आता याचं काय करायचं म्हणून विचारलं. मुलानं वरच्या रिंगकडं बोट दाखवलं. दादा खाली जाऊन उभा राहिला आणि मोळी देतात तसा चेंडू वर दिला. तो आत पडला.

पुढं मी त्याला विचारलं होतं, तुला खेळ कळला कसा. तो म्हणाला, "मोळी द्यायची तसंच हाय. फकस्त वर घ्यायला मानूस न्हाई."

आईनं त्या मुलाला एकच प्रश्न केला, "आन माझा कोयता?" दादा गेला की ती अर्धा कोयता. मुकादमानं खूप कुरकुर केली, शेवटी तिला एका विधवा बाईची जोड दिली, आणि दादा कारखान्याच्या नोकरीत लागला. कागदावर तो वजनकाट्याचा मदतनीस होता. प्रत्यक्षात सकाळी पळायचं, दुपारी काट्यावर उभं राहायचं आणि संध्याकाळी खेळायचं. आमच्या तालुक्यात चेंडू खेळून पगार घेणारा तो पहिलाच माणूस. लोकांना हे पटायचंच नाही. "खेळतो ते कळलं, पन काम काय करतो?" असं आईला विचारणारे शेवटपर्यंत होते.

नोकरी हंगामी होती. कारखाना चालू असेल तेवढे महिने पूर्ण पगार, बंद असेल तेव्हा थोडा. कायम झालं की मग कुणी काढू शकत नाही. चेअरमन दर वर्षी संघाबरोबर फोटो काढायचे आणि दादाच्या खांद्याला हात पोचत नाही म्हणून त्याच्या कंबरेवर थाप मारून म्हणायचे, "पुढच्या वर्षी कायम." दादा घरी येऊन हे वाक्य तसंच्या तसं आईला सांगायचा. आई देवापुढं साखर ठेवायची. सामने जिंकले-हरले यापेक्षा आमच्या घरात या एका शब्दाची वाट जास्त होती. तो शब्द मिळाला की दादाला परत वाकावं लागणार नव्हतं.

त्याला खेळताना मी एकदाच पाहिलं, बीडला, एका खुल्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात. त्याचं काम बास्केटखाली उभं राहायचं. बाकीचे धावपळ करायचे, तो चालायचा. लोकांनी त्याला सोडलं नाही.

"ए लाईटचा डांब! खाली बघ बे, मुंग्या मरतील!"

"वरती हवा कशी हाय? पाऊस दिसतो का?"

सगळे हसले, दादाही हसला. मग त्यानं समोरच्या दोघांच्या डोक्यावरून चेंडू घेतला आणि न उडी मारता आत सोडला. पाऊस विचारणारा उठून उभा राहिला आणि टाळ्या वाजवायला लागला. सामना संपल्यावर तोच माणूस दादाच्या शेजारी उभा राहून फोटो काढायला सगळ्यांच्या पुढं होता.

तो फोटो पेपरात आला आणि गावाला पहिल्यांदा वाटलं की आपणही काही करायला हवं. नळ योजनेचा एक लांब जाड पाईप शिल्लक होता. सरपंचांनी ठरवलं, शाळेच्या मैदानावर आपल्या माणसाच्या नावानं रिंग उभी करायची. त्या रविवारी मैदानावर जमलेली माणसं त्याचसाठी जमली होती.

वेल्डरनं विचारलं, "किती उंचीला बसवू?"

"दहा फूट," मी म्हणाले. दादानं मला सांगून ठेवलं होतं.

सरपंचांनी माझ्याकडं बघितलं. "दहा फूट? दहा फूट तर माझ्या गोठ्याचं आढं हाय."

"नियम तसा आहे, काका."

"नियम समद्या लोकांसाठी. ह्यो काय समद्यासारखा हाय का?"

मुकादमानं लगेच उचलून धरलं. ज्या मुकादमानं त्याला सोडताना महिनाभर तोंड वाकडं केलं होतं, तोच आता त्याचा मोठा मालक झाला होता. "ह्याचा हात नुस्ता वर केला तर नऊ फुटाला जातोय. दहा फुटात त्यानं खेळायचं काय? उभ्या उभ्या टाकल. बाहेरची लोकं येऊन बघतील, म्हनतील, गावानं डांबबी आखूड दिला."

"पाईप तेवढा हाय," वेल्डर म्हणाला. "कापला तर तुकडा वाया जाईल."

एक म्हातारे गृहस्थ पुढं सरकले. ते म्हणाले, "जल्मभर वाकून ऊस तोडला त्यानं. आता आपल्याच गावात आपनच त्याला वाकवायचं व्हय?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. आई तेवढी म्हणाली, "त्याला इचारा तरी."

"मावशे," सरपंच म्हणाले, "मानाचं कुनी इचारून देतं का?"

रिंग बारा फुटांवर बसली.

इतक्या वर्षांनी मी त्या माणसांना हसू शकत नाही. आमच्याकडं मान मोजून देत नाहीत. आहेराचा फेटा डोक्याला लहान झाला तरी तो बांधून घ्यायचा असतो आणि देणाऱ्यासमोर सोडायचा नसतो. त्या लोकांनी त्याला जास्तीत जास्त दिलं. जास्त देण्यात चूक होऊ शकते हे त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं.

पुढच्या आठवड्यात दादा आला. नारळ फोडला, फेटा बांधला, हलगी वाजली. दादा रिंगखाली जाऊन उभा राहिला आणि हात वर केला. तो वर जरा जास्तच वेळ बघत राहिला, हे माझ्या लक्षात आलं. मग वळून लोकांना म्हणाला, "लई बेस झालं." पहिला चेंडू रिंगच्या खालच्या लोखंडाला लागून परत आला. लोकांनी तरी टाळ्या वाजवल्या. दुसरा त्यानं उडी मारून आत घातला.

जेवताना मी रिंगचं विचारलं.

"दोन फूट वर हाय, तायडे."

"मग सांग की."

"कुनाला? एवढी मानसं उन्हात उभी व्हती." त्यानं भाकरी मोडली. "मला तितं कुठं खेळायचंय? माझी रिंग कारखान्यावर हाय."

हे त्याचं बोलणं त्या वेळी खरंच होतं.

मग पाऊस गेला. एक वर्ष गेला, दुसऱ्या वर्षीही गेला. आमच्याकडं दुष्काळ नवा नाही. पण त्या वेळी ज्या भागात आमचे लोक ऊस तोडायला जातात तिथंही ऊस वाळला. कारखान्याचा बॉयलर पेटलाच नाही. आधी हंगामी कामगार घरी गेले, मग संघ मोडला. चेअरमनच्या मुलानं खेळाडूंना बोलावून गणवेश आणि बूट जमा करून घेतले. दादाचे बूट दुसऱ्या कुणालाच येणार नव्हते, म्हणून तेवढे त्याला ठेवू दिले. 'कायम' हा शब्द त्या दिवशी कुणी काढला नाही. दादानंही काढला नाही.

तोवर त्याचं लग्न झालं होतं. वहिनी ठेंगणी, कामाला वाघीण. तिशी उलटलेला दादा बूट खांद्याला अडकवून परत आला तेव्हा तिनं आधी पाणी दिलं. मुकादम चौथ्याच दिवशी दारात आला. "पुढच्या सालाला कोयता धरायचा का? आता तर जोडी बी झाली." दादानं त्याला थांब म्हणून सांगितलं.

थांबायला कारण होतं. सरपंचांचे एक व्याही एका सहकारी सूतगिरणीचे संचालक होते. गिरणी चालू होती आणि तिथं बास्केटबॉलचा नवा संघ उभा राहत होता. सरपंचांनी स्वतः जाऊन दादासाठी शब्द टाकला. महिन्याभरानं चाचणी. निवड झाली तर नोकरी पहिल्या दिवसापासून कायम.

महिनाभर सराव करायचा तर रिंग हवी. अख्ख्या पंचक्रोशीत रिंग एकच होती.

मैदानावर तेव्हा चारा छावणी होती. आजूबाजूच्या गावांची गुरं बांधलेली, त्यांच्याबरोबर माणसंही तिथंच झोपलेली. रिंगच्या खांबालाच एक गाय बांधलेली असायची. दादा पहाटे उठून ती गाय सोडून दुसऱ्या खुंटीला बांधायचा, शेण भरायचा, मग खेळायला लागायचा. बघायला सगळी छावणी.

"पैलवान, जपून बे! म्हशीला चेंडू लागला तर दूध आटंल!"

"हाय कुठं दूध? लागू दे, भ्यानं तरी देईल."

"न्हाई तर असं कर, एक बादली बांध वर. तेवढंच पानी येतं का बघ."

दादा हसायचा आणि टाकत राहायचा. जमीन दगडासारखी टणक झाली होती. रिंग दोन फूट वर, म्हणून प्रत्येक वेळी उडी जास्त मारायची आणि त्या जमिनीवर उतरायचं. दुसऱ्या आठवड्यात त्याचा उजवा गुडघा सुजला. वहिनी मीठ तव्यावर गरम करून फडक्यात बांधून शेकायची.

मी म्हणाले, वेल्डरला सांगून रिंग खाली घेऊ. एका दिवसाचं काम आहे.

"शब्द कुनी टाकला माझ्यासाठी?"

"सरपंचांनी."

"आन बारा फूट कुनी सांगितलं?" तो गुडघ्यावरचं फडकं धरून बसला होता. "त्येंच्यापशी काम मागायचं आन त्येंच्याच म्होरं मोजपट्टी धरायची? मला जमायचं न्हाई. आन हात काय, तितं गेल्यावर दहा फुटाला बसंल."

चाचणीला मी बरोबर गेले. गुडघ्यामुळं आई त्याला एकट्याला पाठवायला तयार नव्हती, आणि वहिनीला दिवस गेले होते. गिरणीचं मैदान छान होतं, आखलेलं, झाडलेलं. प्रशिक्षक सभ्य माणूस होता. त्यानं दादाला बघितलं आणि त्याचा चेहराच उजळला. उंची मोजली. पळायला लावलं, पळताना गुडघ्यातलं लंगडणं दिसलं, तरी त्यानं चेंडू मागवला. मग म्हणाला, "तुमच्याकडून मला एवढंच हवंय. रिंगखाली उभं राहायचं आणि आत टाकायचं."

पहिला चेंडू रिंगमागच्या फळीच्या वरच्या कडेवर आपटला. दुसरा फळीवरून पलीकडं गेला. कुणीतरी पळत जाऊन आणला. तिसरा रिंगच्या वरून, काही न लागता, तसाच खाली. दादा थांबला, वर बघितलं, हात झटकले. मी बाकावर बसून त्याचा हात बघत होते. मोळी द्यावी तसा जो हात सरळ, न विचारता वर जायचा, तो आता प्रत्येक वेळी विचार करून जात होता, आणि विचार केला तरी दोन फूट जास्तच जात होता.

प्रशिक्षक हळू आवाजात म्हणाला, "पैलवान, रिंग खाली आहे. खाली बघून टाका."

शेवटी शेवटी काही चेंडू आत गेले. पण तोवर तो माणूस दुसऱ्या मुलांकडं बघायला लागला होता. ती तरुण होती, त्यांचे गुडघे धड होते. निघताना त्यानं दादाचा हात दोन्ही हातांत घेतला आणि चहा पिऊन जायला सांगितलं. आम्ही चहा प्यायलो.

परतीच्या एसटीत दादा माझ्या शेजारी पाय आडवा काढून बसला होता. मला राहवलं नाही.

"त्यांना सांगायचं होतंस. महिनाभर बारा फुटांवर खेळलो म्हणून. त्यांनी आठ दिवस दिले असते."

"काय सांगू? माझ्या गावानं माझा मान केला, त्यानं माझा हात बिघडला?" तो खिडकीबाहेर बघत होता. "लोकं हसली असती, तायडे. मला न्हाई. गावाला."

गावात त्यानं सांगितलं, गुडघ्यानं दगा दिला. सरपंच हळहळले, डॉक्टरचा खर्च करतो म्हणाले, आणि केलाही. त्यांना शेवटपर्यंत काही कळलं नाही.

पुढच्या दसऱ्याला दादा आणि वहिनी कोयता होऊन गेले. पोर पोटाशी बांधून. पाठीची सवय मोडली होती, आता त्याला कंबरेतून वाकताही येत नव्हतं, म्हणून तो गुडघ्यांवर बसून तोडायचा. सरी संपेपर्यंत गुडघ्यांवर पुढं सरकत जायचं. फडात लहान पोरं त्याच्या उंचीची व्हायची. असे किती हंगाम गेले ते मी मुद्दाम मांडत नाही. आई त्याच काळात गेली. माझं लग्न गावातच झालं, दूध संस्था उभी राहिली, मी तिच्या कामाला लागले.

त्या हंगामांमधली एकच गोष्ट लिहिते, जी वहिनीनं मला सांगितली. एका वर्षी टोळीला दादाच्याच जुन्या कारखान्याचा ऊस मिळाला. कारखाना परत सुरू झाला होता, संघ नव्हता. उसाच्या गाड्यांची रांग लागली होती आणि यांची बैलगाडी नेमकी अतिथीगृहाजवळ थांबली. दादा उतरला. मागच्या मैदानावर भंगार आणि पिंपं ठेवली होती, पण रिंग तशीच होती. तो तिच्याखाली जाऊन उभा राहिला, एक हात वर केला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि परत आला.

वहिनीनं विचारलं, "काय बघितलं?"

"दहा फूटच हाय," तो म्हणाला आणि बैलांना हाकललं.

गुडघे पूर्ण गेल्यावर तो घरी राहिला. सकाळ-संध्याकाळ दूध संकलनाच्या वेळी माझ्याकडं येऊन बसायचा. बसल्या जागेवरून माळ्यावरचे कॅन काढून द्यायचा, बायका त्याला 'शिडी' म्हणायच्या आणि तो ओ द्यायचा. मधल्या वेळेत शाळेच्या मैदानावर खांबाला पाठ टेकून बसायचा. रिंग अजून तिथंच होती. तिच्यावर कधी भोंगा बांधला गेला, कधी पताका. तिच्यात चेंडू कुणी टाकला नाही, कारण कुणाला पोचतच नव्हतं.

गेल्या वर्षी शाळेत एक नवीन बाई आल्या. त्यांनी मुलींसाठी एक बास्केटबॉल आणला. मुली रोज शाळा सुटल्यावर टाकायच्या आणि चेंडू रोज खालच्या लोखंडाला लागून परत यायचा, फार तर. पंधरवड्यानं मुलींनी रिंग सोडून दिली आणि त्याच चेंडूनं एकमेकींना मारत आबाधुबी खेळायला लागल्या. दादानं एकीला विचारलं, काय गं, ते का सोडलं?

ती म्हणाली, "ते उंच लोकांचं हाय आजोबा. आमच्यासाठी न्हाई ते."

त्या दिवशी संध्याकाळी दूध मोजून झाल्यावर दादा म्हणाला, "तायडे, ती रिंग खाली घ्यायला पायजे."

इतक्या वर्षांत हे तो पहिल्यांदा बोलला. सरपंच जाऊन बराच काळ झाला होता. बारा फूट म्हणणाऱ्यांपैकी बहुतेक गेले होते. आता कुणाचा मान मोडणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यानं चुन्याचा कुंचला एका काठीला बांधला आणि संस्थेच्या पत्र्याला लावून उरलेला लाल रंग मागितला. मी आणि वहिनीनं दोन्ही बाजूंनी धरून त्याला खांबाशी उभं केलं. उभा राहायला त्याला वेळ लागला. मग त्यानं पाठ खांबाला लावली, हात वर नेला, काठी हातात थोडी खाली, थोडी वर सरकवली आणि खांबावर एक आडवी लाल रेघ ओढली.

"इतं," तो म्हणाला. "इतं आना."

टेप माझ्या पिशवीत होती. मी ती काढली नाही.

वेल्डर आता जुन्या वेल्डरचा मुलगा आहे. त्यानं येऊन पाहिलं. खांबाला हात लावायचा नाही, फक्त रिंग धरणारा वरचा आडवा हात कापून रेघेवर जोडायचा. ट्रॉली खाली लावायची, वर दोघांनी फळी धरायची, आणि एक उंच माणूस जमिनीवरून आधार द्यायला. शेवटचं बोलताना तो अडखळला. दादा म्हणाला, "मी हाय की. मला फकस्त उभं करा."

पण दसरा तोंडावर होता. वेल्डर स्वतःच एका टोळीच्या ट्रॅक्टरवर जाणार होता. ट्रॉल्या सजल्या, संसार भरले गेले, गाव रिकामं झालं. परत आल्यावर करू, असं ठरलं.

दादा दिवाळीनंतर गेला. दोन दिवस ताप आला, तिसऱ्या सकाळी उठला नाही. गावात म्हातारी माणसं आणि शाळेची लेकरं तेवढी होती. तिरडी बांधणाऱ्यानं सवयीनं बांबू कापले आणि ते आखूड पडले. परत लांब बांबू शोधावे लागले. खांद्याला माणसं कमी होती. मी लागले, शाळेच्या बाई लागल्या, दूध संस्थेच्या बायका आळीपाळीनं लागल्या. त्याचा मुलगा फडावरून पोचला तेव्हा राख सावडायची वेळ झाली होती.

आता वैशाख आहे. टोळ्या परत आल्या आहेत. ट्रॉली मिळाली आहे, जनरेटर सांगून ठेवलं आहे. वेल्डर आजच ते काम करणार होता. सकाळी आला, खांबाभोवती फिरला, लाल रेघ बघितली आणि म्हणाला, खालून धरायला माणूस हवा, स्टूलवर चढून तोल राहत नाही, कुणी उंच असेल तर बघा. आम्ही सगळ्या गावात नजर फिरवली. मग तो म्हणाला, आठवड्यानं लाकडाची घोडी करून आणतो.

मुली मैदानावर उभ्या होत्या. चेंडू एकीच्या हातात होता. मी त्यांना सांगितलं, आठवड्यानं.

हजर : वेल्डर, वहिनी, शाळेच्या बाई, नऊ मुली, मी.
रिंग रेघेवर आणणे : बाकी.